सोडा चाखावा कसा: वऱ्हाडातल्या मामांसाठी प्राथमिक धडे

पुण्याहून भाचा येतो. बॅगेतून काचेच्या चार बाटल्या काढतो, त्या फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्यामागे उभ्या करतो आणि बजावतो, "मामा, हा साधा थंडा नाही. क्राफ्ट कोला आहे. आणि ही जिंजर एल. गटागटा पिऊ नका, चाखा." मामा जन्मभर थंडा पीत आलेला असतो. लग्नात, एसटी स्टँडवर, कापूस विकून परत येताना. पण थंडा चाखायचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तो बाटली हातात घेतो, चष्मा शोधतो, लेबल वाचतो आणि गप्प बसतो. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत असे मामा बरेच आहेत. हे धडे त्यांच्यासाठी. बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळच्या मामांनाही बसता येईल, फक्त मागच्या बाकावर.

प्रवेशाची अट

अट एकच. तोंडात खर्रा नको. सुपारी जीभ आवळते, चुना ती पोळतो, तंबाखू बाकीचं काम पूर्ण करतो. अशा जिभेवर शंभर रुपयांची बाटली ओतणं म्हणजे शंभर रुपये नालीत टाकणं. खर्रा थुंकून लगेच बसू नये. चूळ भरावी, अर्धा तास जाऊ द्यावा. अर्धा तास खर्ऱ्याशिवाय निघत नसेल त्यांनी वर्ग सोडावा, नाव काढलं जाणार नाही.

परदेशात वाइन चाखणारे घोट तोंडात घोळवतात आणि समोरच्या भांड्यात थुंकतात. थुंकण्याची विद्या आपल्याकडे आधीच पूर्णत्वाला पोचलेली असल्यामुळे तिचा वेगळा धडा ठेवलेला नाही. शिवाय सोडा थुंकायचा नसतो. त्याचा निम्मा निकाल घशात लागतो आणि उरलेला ढेकरीत.

धडा पहिला: तहान भागवणे

चाखणाऱ्याला तहान नसावी, हा जगभरचा नियम. तहानलेल्याला सगळंच अमृत लागतं, मग बाटल्यांत डावं-उजवं करणार कोण? अडचण अशी, की नियम करणाऱ्यांनी मे महिन्यातलं अकोला पाहिलेलं नव्हतं. २०२४ च्या मेमध्ये उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावलं गेलं. शिकवणी वर्गांच्या वेळांवर बंधनं आली, कामाच्या ठिकाणी पाण्याची आणि पंख्यांची सोय करायला सांगितलं गेलं. एरवी हे कलम माणसांनी दंगल केली की लागायचं. तिथे सूर्यानं केली होती.

म्हणून उन्हाळ्यात चाखण्याचा कार्यक्रम सकाळी सातच्या आत उरकावा किंवा सरळ दिवाळीपर्यंत थांबावं. तितका धीर नसेल तर माठातलं दोन पेले पाणी आधी प्या. कूलरसमोर बसा. घाम वाळू द्या. मग बाटलीला हात लावा, आणि लावलात की लेबल वाचत बसू नका. गॅस थंड पाण्यातच मुक्काम करतो. शून्य अंशाला पाणी जितका कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, त्याच्या जेमतेम निम्मा वीस अंशांना धरतं, आणि चाळीसला तर एक तृतीयांशापेक्षाही कमी. आपल्या दुपारी ग्लासात ओतलेला कोला 'कारागिरांनी हातानं बनवलेला' हे वाक्य वाचून होईपर्यंत सरबत झालेला असतो.

आता आपण प्यायलो त्या माठातल्या पाण्याबद्दल. फ्रान्समधले वाइनवाले द्राक्षाच्या मातीचं नाव घेतात. सोड्यात नव्वद टक्के पाणीच, तेव्हा आपण धरणाचं नाव घ्यावं. अमरावतीचं पाणी सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं, अकोल्याचं महानच्या काटेपूर्णाचं. आणि या दोन शहरांच्या उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला खारपाणपट्टा. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, तेल्हारा. तिथे विहीर खणली की क्षार लागतात. या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला पाण्याची चव शिकवायला कोणी जाऊ नये. दुसऱ्या गावचं पाणी घशाखाली उतरायच्या आत तो नाक मुरडतो. चाखणाऱ्याकडे जी जीभ लागते ती हीच. सोडा करणाऱ्याला मात्र असं पाणी अडचणीचं. त्यातले बायकार्बोनेट लिंबाचा आंबटपणा मारून टाकतात आणि सोडा मवाळ लागतो. मोठे कोलावाले म्हणूनच पाण्याचा सगळा स्वभाव आधी काढून घेतात आणि मग त्यात चव घालतात. बाटली अकोटची असो की अटलांटाची, लागते सारखीच. पट्ट्यातल्या माणसाला याचं कौतुकच वाटतं. मलाही वाटतं, पण थोडं कमी.

धडा दुसरा: गोटी

भाच्याच्या बाटल्या थोडा वेळ दुधामागेच राहू द्या. हात बसवायचा तो गोटीच्या सोड्यावर. शाळेसमोर, आठवडी बाजारात, स्टँडबाहेर जिथे गाडी दिसेल तिथे उभे राहा.

ही बाटली १८७२ साली लंडनच्या हिराम कॉड नावाच्या इंजिनिअरनं पेटंट केली. बूच नाही, पत्र्याचं झाकण नाही. मानेत काचेची गोटी, तोंडाशी रबराची रिंग. बाटली उलटी धरून भरायची, की आतला गॅसच गोटीला रिंगेवर दाबून धरतो. कैद्यानंच तुरुंगाचं दार आतून ओढून धरावं तसं. गॅस जितका जोरकस, तितकं दार घट्ट. इंग्रजांनी आणलेली ही बाटली त्यांच्या देशात केव्हाच संग्रहालयात गेली. जपानात ती 'रामुने' म्हणून राहिली आणि आपल्याकडे गाडीवर. मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारनं 'गोली पॉप सोडा' या नावानं ती अमेरिका, युरोप आणि आखातात चालल्याचं कौतुकानं जाहीर केलं. म्हणजे मामा गाडीवर उभ्यानं पितो ते दुबईत मॉलच्या कपाटात ठेवलं जातं. मामानं हे भाच्याला सांगावं, पण आवाज न चढवता.

गाडीवाला लाकडी बोंडानं किंवा अंगठ्यानं गोटी आत ढकलतो. फट्ट असा आवाज येतो. हा आवाज म्हणजे तुमची पहिली नोंद. आवाज मेलेला असेल तर पुढे काही चाखण्यासारखं नाही, पैसे द्या आणि पुढच्या गाडीवर जा. आवाज चांगला आला, की बाटली तोंडाला लावण्याआधी मानेत दोन खाचा दाबलेल्या दिसतात त्या पाहा. खाचा खालच्या अंगाला ठेवून बाटली तिरपी करायची. गोटी त्यांच्यात अडकते आणि सोडा वाहतो. बाटली उलट्या अंगानं धरली तर गोटी घरंगळत येऊन तोंड बंद करते, तुम्ही ओढत बसता, आणि गाडीभोवतीची पोट्टी हसतात. गाडीवाला हसत नाही. तो धंदा करून राह्यला. तो फक्त म्हणतो, "उल्टी धरली नं जी तुम्ही. खाच खाली घ्या."

चाखण्याच्या पूर्ण विद्येत हातानं करायचं कौशल्य एवढं एकच आहे. बाकी सगळं बोलण्याचं.

घोट घेतल्यावर जे झोंबतं ते बुडबुडे फुटल्यामुळे, असा सर्वसाधारण समज. तो खरा नाही. कार्बन डायऑक्साइड जिभेवरच्या ओलाव्यात मिसळून आम्ल होतो, आणि ते आम्ल झोंबतं. जिभेवरच्या आंबट ओळखणाऱ्या पेशीच सोडाही ओळखतात, हे २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी उंदरांवर दाखवून दिलं. अकोल्याच्या उंदरांना हे आधीपासून माहीत असावं.

मग ढेकर. शहरी चाखणारे इथे लाजतात, आणि त्यांचं नुकसान होतं. पोटातून वर येणारा गॅस वास घेऊन येतो, घशामागच्या वाटेनं नाकात शिरतो, आणि पिताना न कळलेली चव तेव्हा कळते. लिंबात काळं मीठ किती होतं, जिऱ्याची पूड भाजलेली होती की कच्ची, याचा उलगडा ढेकरीत होतो. ती दाबू नका. तोंडावर रुमाल धरला तरी चालेल, नाक मोकळं ठेवा.

धडा तिसरा: अद्रक

हा धडा सगळ्यात मोठा, कारण फसवणूक इथेच जास्त.

'जिंजर' लिहिलेल्या बाटलीत तीनपैकी एक असतं: इसेन्स, अद्रकाचा रस किंवा सुंठ. तिघांना वेगळं ओळखता आलं की परीक्षा अर्धी पास. इसेन्स आधी नाकात येतो. वास घमघमीत, वाटतं आता काहीतरी होणार. जिभेवर पोचेपर्यंत तो संपलेला असतो आणि मागे साखर उरते. खऱ्या रसाचं उलटं. पहिल्यांदा काहीच नाही. घोट खाली उतरतो, तुम्ही दुसऱ्याशी बोलायला तोंड उघडता, आणि घशात मागच्या बाजूनं पेटायला लागतं. ते पेटणं टिकतं. सुंठ याच जातीची, पण जास्त धारदार. ओल्या अद्रकातला जिंजेरॉल वाळताना शोगाओल होतो आणि तो आणखी तिखट असतो. बाळंतिणीच्या डिंकलाडवात सुंठ का घालतात, आणि ती मोजून का घालतात, हे आजीला रसायनाशिवाय माहीत होतं.

डोळ्यांनीही थोडं कळतं. खऱ्या रसाचा सोडा किंचित गढूळ दिसतो आणि तळाशी गाळ बसतो. बाटली उन्हात धरून पाहा. ऊन आपल्याकडे मुबलक आहे. गाळ पाहून तक्रार करू नका, पैसे त्याचेच दिलेत.

आणि इथे मला भाच्याची बाजू घ्यावी लागते. गाडीवरच्या जिंजरमध्ये बहुतेक वेळा पिवळा रंग, इसेन्स आणि भरपूर साखरेचा पाक असतो. चांगल्या क्राफ्ट जिंजर एलमध्ये साखर कमी, अद्रक खरं, आणि तो जाळ शेवटपर्यंत पुरतो. दोन्ही शेजारी ठेवून, तहान नसताना, थंडीच्या दिवसांत प्या. गाडीवाला हरतो. मे महिन्यात दुपारी दोनला प्या. क्राफ्टवाला हरतो, कारण घसा कोरडा असताना घशात आणखी जाळ कोणाला हवा असतो? तेव्हा साखर आणि बर्फ जिंकतात. दोन्ही निकाल खरे समजावेत आणि वहीत दोन्ही लिहावेत.

मात्र 'क्राफ्ट' हा शोध आपला, असं भाचा म्हणाला तर त्याला पुण्याच्या कॅम्पात पाठवा. आर्देशिरचा कारखाना तिथे १८८४ पासून आहे; त्यांची रास्पबेरी आणि जिंजर इराणी हॉटेलांत पिढ्यान् पिढ्या प्यायली गेली. मुंबईत पालनजी १८६५ पासून. काचेची बाटली, मर्यादित माल, घराण्याची कृती: लेबलवर आज जे मोठ्या अक्षरांत छापतात ते या पारशी मंडळींनी न छापता केलं.

घरी करून पाहायचं असेल तर कृती सोपी आणि धोक्याची. अद्रक सालीसकट किसायचं, साखर आणि पाण्यात टाकायचं, रोज थोडं थोडं अद्रक आणि साखर वाढवत जायचं. सालीवरचं यीस्ट जागं होतं आणि साखर खाऊन गॅस सोडतं. यॉर्कशरमध्ये अठराव्या शतकापासून जिंजर बिअर अशीच आंबवत आले. पण त्यांच्या पुस्तकांत 'आठवडाभर ठेवा' असं असतं, ते यॉर्कशरच्या हवेचं. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी ठेवलेलं संध्याकाळी फसफसायला लागतं. काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत हे कधीही भरू नका. फुटते, आणि काच स्वयंपाकघरभर होते. प्लॅस्टिकची बाटली घ्या, रोज दाबून पाहा, दगडासारखी कडक लागली की फ्रिजमध्ये. जास्त दिवस आंबवलं तर त्यात थोडी दारूही होते, एवढं घरातल्या माळकऱ्याला आधी सांगून ठेवा.

धडा चौथा: कोला

कोला म्हणजे काळं पाणी, असं समजणाऱ्यांनी मसाल्याचा डबा समोर घ्यावा. दालचिनी, जायफळ, धने. त्यात लिंबाच्या आणि संत्र्याच्या सालीचं तेल, थोडं व्हॅनिला. कोलाची चव साधारण यातून उभी राहते. कंपन्यांची प्रमाणं गुपित, पण डबा हाच. रंग जळलेल्या साखरेचा, आंबटपणा फॉस्फोरिक आम्लाचा. हा आंबटपणा लिंबाच्या रसाच्या जवळ जातो, तरी जाणवत नाही, कारण नेहमीच्या कोलात शंभर मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर त्याला झाकून टाकते. ज्या तालुक्यांत संत्रा होतो, त्या वरुड-मोर्शीच्या माणसानं तरी पहिल्या घोटात सालीचं तेल ओळखायलाच हवं. न ओळखल्यास त्यानं बागेत जाऊन एक साल नाकाजवळ मोडावी आणि पुन्हा यावं.

थोडा इतिहासही पाठ करा, चाखताना मध्ये मध्ये बोलायला उपयोगी पडतो. अटलांटाच्या जॉन पेंबर्टननं १८८६ साली कोका-कोला काढला. १९७७ मध्ये जनता सरकारच्या काळात परकी भांडवलाच्या कायद्यावरून ती कंपनी भारतातून गेली. त्याच वर्षी पार्लेच्या चौहानांनी थम्स अप आणला, सरकारनंही 'डबल सेव्हन' नावाचा कोला काढून पाहिला. सरकारी कोला चालला नाही. १९९३ मध्ये कोका-कोला परत आला आणि त्यानं थम्स अप विकत घेतला. तो बंद करायचं धाडस मात्र झालं नाही. २०२३ मध्ये रिलायन्सनं जुना कॅम्पा पुन्हा बाजारात आणला, २०० मिली दहा रुपयांना. भाच्याची बाटलीही २०० मिलीच. किमतीतला फरक चाखून कळतो का, हाच खरा या धड्याचा गृहपाठ.

तो असा करावा. तीन कोला घ्या: भाच्याचा, दहा रुपयांचा आणि थम्स अप. बाटल्या वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळा. अकोल्यात देशोन्नती, अमरावतीत जनमाध्यम. कागद कोणताही चालतो, पण आजचा नको, घरात कोणाचा वाचायचा राहिलेला असतो. स्टीलच्या पेल्यांत ओता, म्हणजे रंगावरून ओळखू येणार नाही. ओतणारा एक, पिणारे दुसरे. नाव कळलं की माणसाची चव बदलते; २००४ मध्ये अमेरिकेत लोकांच्या मेंदूची चित्रं काढत त्यांना कोला पाजला, तेव्हा कोका-कोलाचं नाव दाखवल्यावर मेंदूचे वेगळे भाग जागे झालेले दिसले. आपल्याकडे मशीन नाही, कागद आहे.

माझा अंदाज सांगून ठेवतो. बहुतेक मामा थम्स अप ओळखतील, कारण तो नाकात चढतो. क्राफ्ट कोला त्यांना 'औषधासारखा' वाटेल, कारण साखर कमी झाली की मसाला पुढे येतो आणि दालचिनी-जायफळ म्हटलं की आपल्याला काढा आठवतो. हा दोष बाटलीचा नाही. आणि खरं सांगायचं तर क्राफ्ट कोलातला खरा फरक जिंजरइतका मोठा नसतोच. इथे निम्मे पैसे काचेचे आणि लेबलचे. त्यात सरकारचा वाटा वेगळा. गोड फसफसत्या पेयांवरचा कर चाळीस टक्के, पानमसाल्याच्या पंगतीतला. चाखताना एवढं लक्षात ठेवलं तर घोट आपोआप लहान होतो.

धडा पाचवा: सोबत काय खावं

अमरावतीत गिलावडा. दह्या-चटणीनं ओला झालेला वडा आणि साधा, बिनगोड सोडा. दुसरं काही नको. अकोल्याहून रेल्वेनं पश्चिमेला निघालात तर शेगावची कचोरी १९५० पासून आहे, तिच्यासोबत लिंबू-सोडा, खारा. तळलेल्या हिरव्या मिरच्यांवर जिंजर सोडा घेऊ नये. मिरची, अद्रक आणि गॅस, तिघांचा जाळ तोंडातल्या एकाच नसेवरून मेंदूला पोचतो. आग विझवायला गेलात तर तेल ओताल. ठेच्यासोबत ताक. ते या अभ्यासक्रमात नाही.

अमरावती ते अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनिज बुकात नोंद झाली. रस्ता तेव्हापासून इतका सरळ पळतो, की मूर्तिजापूर येऊन गेल्याचं कळत नाही. अभ्यासूंनी तिथे मुद्दाम उतरावं. चांगला सोडा नव्वदच्या वेगानं दिसत नाही.

धडा सहावा: नोंदवही

शंभर पानी वही पुरे. तारीख, तापमान, पाणी कुठलं, आवाज, नाक, घसा, ढेकर, असे रकाने आखा. शेरा लिहिताना इंग्रजी लेबलवरचे शब्द उतरवू नका. 'ओक लाकडाचा धूर' वऱ्हाडात कोणी पाहिलेला नाही. मिळमिळीत, गुळमट, पानचट, खवखवीत, झणझणीत यांत तुमचं काम भागेल. फार आवडला तर 'लय झोंबते बे' लिहा. इतर चाखणाऱ्यांना तेवढ्यावरून सगळं कळतं.

गाडीवर उभं राहून वही उघडू नका. गाडीवाल्याला वाटतं महापालिकेचा माणूस आला, आणि तो बर्फ झाकतो. तुम्ही महापालिकेचे नाही हे कळलं की मात्र तो तुमच्या हातातल्या रिकाम्या बाटलीकडे पाहतो, कारण त्याच्याकडे बाटल्या मोजक्या आणि त्या धुऊन पुन्हा भरायच्या असतात.

"लिहजा मंग घरी जाऊन. बाटली द्या पयले जी, गिऱ्हाईक उभं हाये."